चेरोकी पद्धतीची दुहेरी भिंतीची टोपली: वेल तोडण्यापासून शेवटची कड घालेपर्यंत

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीची ही टोपली पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी बराच वेळ नुसतं तिचं टोक शोधत होते. आतून बघितलं तर गुळगुळीत, बाहेरून बघितलं तरी गुळगुळीत, कुठे जोड दिसत नाही, कुठे काडीचं टोक बोचत नाही. मग शिकवणाऱ्या आजींनी एक अर्धी झालेली टोपली पुढे ठेवली आणि एकदम लक्षात आलं, की आधी आतला तळ विणलाय, मग आतली भिंत वर नेलीय, काठावर पोचल्यावर सगळ्या उभ्या काड्या बाहेर वळवून खाली सोडल्यात आणि आता त्याच काड्यांवर बाहेरची भिंत वरून खाली विणत आणायचीय. एका टोपलीत दुसरी टोपली, पण दोन्ही एकाच काड्यांची. आणि विणताना जेवढी म्हणून टोकं सुटतात ती सगळी दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत जातात, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही.

मी टल्साला राहते, चेरोकी नेशनची राजधानी तालेक्वाह इथून गाडीने तास-सव्वा तासावर आहे, तिकडे जाऊन शनिवारच्या क्लासमधे हे शिकले. त्यानंतर बऱ्याच टोपल्या केल्या, दोन-तीन बिघडवल्या, आणि आता मैत्रिणी विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून काढतेय. चेरोकी भाषेत टोपलीला तालुजा म्हणतात.

थोडी आधीची माहिती, कारण ती नसेल तर आपण नक्की काय विणतोय तेच कळत नाही. चेरोकी लोकांचा मूळ मुलूख म्हणजे अमेरिकेच्या आग्नेयेकडचे अ‍ॅपलाचियन डोंगर. तिथे नदीकाठी रिव्हर केन उगवतो, हा खरं तर बांबूच आहे, उत्तर अमेरिकेचा स्वतःचा बांबू. जुन्या टोपल्या त्याच्या चपट्या पट्ट्यांच्या. आजोळी बाजाराच्या दिवशी बुरूड बाई मांडीवर फडकं टाकून बांबू चिरत बसलेली मी लहानपणी बघितलीय, त्यामुळे रिव्हर केन चिरण्याचा व्हिडिओ पहिल्यांदा बघताना मला काहीच परकं वाटलं नाही. कोयता तसाच आधी टेकवायचा, मग पिळत पिळत चीर पुढे न्यायची, चार फाका करायच्या, वरची चकचकीत साल धरून आतला गर सोलून टाकायचा आणि मग पट्टी खरवडून एकसारखी करायची. त्या पट्ट्यांची दुहेरी वीण, म्हणजे डबलविव्ह, हे सगळ्यात अवघड काम. १७२० च्या दशकात साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर फ्रान्सिस निकोल्सन यांच्याकडून लंडनला गेलेली अशी एक झाकणाची टोपली ब्रिटिश म्युझियममधे आजही आहे. मधल्या काळात ही वीण येणारी माणसं अगदी मोजकी उरली होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी शाळेत टोपल्या शिकवणाऱ्या लॉटी क्वीन स्टॅम्पर यांनी त्या म्युझियममधल्या टोपलीच्या फोटोवरून वीण उलगडून काढली आणि मग ती पुढच्या बायकांना शिकवली. फोटोवरून! मला हे प्रत्येक वेळी आठवलं की अंगावर काटा येतो, कारण माझ्यासमोर शिकवणारी बाई बसलेली असतानासुद्धा काठ कसा वळवायचा ते मला तीनदा दाखवून घ्यावं लागलं होतं.

१८३८-३९ मधे अमेरिकन सरकारने चेरोकी लोकांना सैन्य लावून त्यांच्या जमिनीवरून हाकललं, सुमारे १६ हजार माणसं, आणि त्या वाटेत आणि छावण्यांमधे हजारो मेली. त्या वाटेला ट्रेल ऑफ टिअर्स म्हणतात. पोचले ते आजच्या ओक्लाहोमात. इकडे पूर्वीसारखा भरपूर केन नव्हता, तेव्हा बायकांनी जे दिसलं ते हाती घेतलं: बकब्रश नावाच्या झुडपाच्या जमिनीवर लोळणाऱ्या लांब काड्या, नंतर हनीसकलचा वेल. चपट्या पट्ट्यांऐवजी गोल काडी आली आणि तिच्यातून ही दुहेरी भिंतीची गोल टोपली इकडे रुजली. थोडे लोक डोंगरातच राहिले होते, त्यांचे वंशज म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातले ईस्टर्न बँड, तिकडे रिव्हर केन आणि व्हाइट ओक या झाडाच्या लाकडाचं काम अजून चालतं.

आपण ओक्लाहोमाची गोल काडीची टोपली करणार आहोत. रिव्हर केनच्या नादाला नवीन माणसाने लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे, एक तर चिरायला हात बसायलाच वर्ष जातात, आणि दुसरं म्हणजे केनची जुनी बनं आता दोन टक्केसुद्धा उरलेली नाहीत असं सांगतात, जी आहेत ती चेरोकी विणकरांनाच पुरत नाहीत. तीच गोष्ट ब्लडरूट या रानातल्या छोट्या झाडाची. त्याच्या मुळीपासून सुंदर नारिंगी रंग येतो पण मुळी उपटली की झाड गेलं. जंगलात दिसलं तर बघा आणि पुढे चला.

आणखी एक, हे शिकून विकायचा विचार असेल तर १९९० चा अमेरिकन कायदा आहे, नेटिव्ह, म्हणजे मूळ अमेरिकन जमातीच्या, माणसाने न केलेली वस्तू नेटिव्ह म्हणून किंवा एखाद्या जमातीच्या नावाने विकता येत नाही. मी माझ्या टोपल्या भेट देते आणि देताना सांगते की वीण चेरोकी बायकांची आहे, हात माझा आहे.

सामान

दोन रस्ते आहेत. एक, विकतचा राऊंड रीड, म्हणजे वेताचा सोललेला गाभा, क्राफ्टच्या दुकानात किंवा ऑनलाइन एक पाउंडाची वेटोळी मिळतात. उभ्या काड्यांसाठी ४ नंबर (साधारण पावणेतीन मिलिमीटर) आणि विणायला ३ नंबर (सव्वादोन मिलिमीटर). आजकाल इकडच्या क्लासमधेही बहुतेक वेळा हाच वापरतात, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रात करणार असाल तर वेताचं फर्निचर बनवणाऱ्याकडे विचारा, नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा आणि साल काढलेला हवाय हे आधीच सांगा. खाली जी मापं देतेय त्या टोपलीला ४ नंबरचा सात मीटर आणि ३ नंबरचा चाळीसेक मीटर लागतो, एका पाउंडात भरपूर उरतो.

दुसरा रस्ता हनीसकलचा. जपानी हनीसकल इथे बाहेरून आलेला आणि रानभर माजलेला वेल आहे, कुंपणं आणि झाडं गुदमरवतो, तेव्हा कितीही तोडा, कोणाचं नुकसान नाही, फक्त जमीन ज्याची त्याला विचारा. तोडायचा थंडीत, पानं कमी असतात आणि वेल पक्का झालेला असतो. झाडावर पिळे घालत चढलेला घेऊ नका, तो वाकडा निघतो, जमिनीवरून सरळ धावलेला घ्या, पेन्सिलीपेक्षा बारीक, फाटे नसलेला, मिळेल तेवढा लांब. आणि हे नीट वाचा: त्याच जागी पॉयझन आयव्ही नावाची, अंगाला लागली की खाज आणि पुरळ उठवणारी वेल असते आणि थंडीत तिला पानं नसतात. हनीसकलच्या वेलावर डोळे समोरासमोर जोडीने असतात, आयव्हीचे एकाआड एक. आयव्हीच्या जुन्या वेलाला केसाळ मुळं असतात. शंका आली तर सोडून द्या, कारण आयव्ही भांड्यात गेली तर उकळताना आणि सोलताना तिचा त्रास सगळ्या घराला होईल. हातमोजे घालाच.

घरी आणून वेटोळी बांधायची आणि स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात तीन-चार तास उकळायची. शक्यतो अंगणात. गार झालं की ओल्या खरखरीत फडक्यात एकेक वेल धरून ओढायचा, साल सटासट निघते आणि आतून पांढरी काडी येते. ही ओलीच असताना साल निघते, वाळली की चिकटून बसते, म्हणून जेवढं त्या दिवशी सोलून होईल तेवढंच उकळा. मग सावलीत वाळवून ठेवली की वर्षभर टिकते. क्लासमधल्या आजींचं म्हणणं असं, की लोकांना वाटतं विणणं म्हणजे टोपली, पण टोपली निम्मी आधीच झालेली असते, उरलेली निम्मी विणायची असते. माझ्या अनुभवाने निम्म्याहूनही जास्त.

उभ्या काड्यांना मात्र मी अजून ४ नंबरचा रीडच वापरते, तेवढा सरळ आणि लांब वेल मला सहसा मिळत नाही.

रंग

विणायच्या आधी रंगवायचं. चेरोकी टोपल्यांमधला गडद तपकिरी रंग ब्लॅक वॉलनटच्या, म्हणजे काळ्या अक्रोडाच्या, हिरव्या टरफलाचा आणि काळा रंग त्याच्याच जातीतल्या बटरनटचा. वॉलनट इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमधे रस्तोरस्ती पडलेले असतात. टरफलं फोडून पाण्यात घालून तास-दोन तास उकळायची, गाळायची आणि त्या गरम पाण्यात वेताचं वेटोळं बुडवून ठेवायचं, हवा तेवढा गडद होईपर्यंत, मी रात्रभर ठेवते. तुरटी वगैरे काही लागत नाही, रंग असाच पक्का बसतो. हातालाही तेवढाच पक्का बसतो म्हणून परत एकदा हातमोजे. भारतात हे टरफल मिळणार नाही, तिथे काथाच्या पाण्याने जवळपासचा तपकिरी येईल. रंगवलेला वेत साध्या पाण्यात दोन-तीनदा धुवून वाळवा, नाहीतर विणताना शेजारच्या पांढऱ्या वेताला लागतो. चाळीस मीटरपैकी आठ-दहा मीटर रंगीत पुरे, आणि तो फक्त बाहेरच्या भिंतीला.

तळ

४ नंबरच्या ८ काड्या कापा, प्रत्येकी ७५ सेंटिमीटर. आणि एक अर्धी, ३८ सेंटिमीटरची, तिचं एक टोक तासून अणकुचीदार. या उभ्या काड्यांना इकडे स्पोक म्हणतात, सायकलच्या चाकाला असतात तसे, मी पण तेच म्हणते. कोमट पाण्यात वीस मिनिटं ते अर्धा तास भिजवा. रात्रभर भिजवू नका, वेताचे तंतू सुटायला लागतात. हनीसकल असेल तर जरा जास्त वेळ लागतो, बोटाभोवती गुंडाळून बघा, कट् आवाज आला तर परत पाण्यात.

चार स्पोक शेजारी शेजारी टेबलावर आडवे, त्यांच्या बरोबर मधोमध बाकीचे चार उभे ठेवा, अधिकचं चिन्ह होईल. आता विणायचा एक लांब वेत घ्या आणि दुमडा, पण बरोबर अर्ध्यावर नाही, एक बाजू हातभर जास्त लांब ठेवा म्हणजे दोन्ही टोकं एकाच जागी संपणार नाहीत. दुमडलेला फास चार काड्यांच्या एका गठ्ठ्यात अडकवा. एक पदर गठ्ठ्याच्या वरून, दुसरा खालून, आणि पुढच्या गठ्ठ्याआधीच्या फटीत दोघांची अदलाबदल, वरचा खाली जातो आणि खालचा वर येतो. ही पिळाची वीण. असे तीन फेरे गठ्ठ्यांभोवती घट्ट, मग प्रत्येक गठ्ठा दोन-दोन काड्यांत फोडून तीन फेरे, मग एकेक काडी सुटी करून दोन फेरे. आता सोळा टोकं सूर्याच्या किरणांसारखी पसरली असतील, आणि ती सारख्या अंतरावर आणायला इथेच वेळ घालवा. नंतर ते दुरुस्त होत नाही.

सोळा ही सम संख्या आहे. एकाच वेताने खाली-वर, खाली-वर विणत गेलं तर दुसऱ्या फेऱ्यात तो परत त्याच काड्यांच्या वरूनच जाईल आणि वीण होणारच नाही. म्हणून ती अर्धी काडी. तिचं अणकुचीदार टोक एका स्पोकच्या शेजारी विणीत मध्यापर्यंत खुपसा, झाले सतरा. आता विणायच्या दोन पदरांपैकी एक कापून टाका आणि उरलेल्या एकानेच साधी वीण सुरू करा. तळ १० सेंटिमीटर रुंद होईपर्यंत. विणताना मधला भाग अंगठ्याने हलका वर दाबत राहा, तळाला थोडा घुमट आला तर चांगलंच.

आतली भिंत

तळ आणि स्पोक परत दहा मिनिटं पाण्यात. मग प्रत्येक स्पोक तळाच्या अगदी कडेला पकडीने हलका चिमटा आणि वर वळवा. चिमटल्यावर वेत न मोडता वळतो. सगळे वर घेऊन टोकांशी सुतळीने सैल बांधा. कोपऱ्यात पहिला एक फेरा दोन वेतांच्या पिळाच्या विणीचा घाला, त्याने वळण पक्कं बसतं, मग परत एका वेताची साधी वीण, ९ सेंटिमीटर उंचीपर्यंत.

वेत संपला की नवीन कसा जोडायचा हे इथे महत्त्वाचं. जुन्याचं टोक एका स्पोकपाशी संपवायचं, नवीन त्याच स्पोकपाशी टेकवून सुरू करायचं. एरवीच्या टोपलीत टोकं आत ठेवतात, इथे उलटं, आतली भिंत विणताना टोकं बाहेरच्या अंगाला सोडायची, कारण ती बाजू पुढे झाकली जाणार आहे. बाहेरची भिंत विणताना टोकं आतल्या अंगाला. म्हणजे दोन्ही वेळा पोकळीत.

भिंत वर जाताना आपोआप आत झुकायला लागते, कारण हात नकळत ओढून विणतो. दर चार-पाच फेऱ्यांनी वरून बघा, सतरा स्पोक गोलावर सारखे दिसतात का. एखादी काचेची बरणी आत ठेवून विणलं तर नवीन माणसाला बरं पडतं. शेवटचे दोन फेरे परत पिळाच्या विणीचे.

काठ वळवणं

इथे घाई केली की सगळं गेलं. माझी पहिली टोपली मी सलग विणत होते, आतली भिंत होईपर्यंत स्पोक वाळले होते, पाण्यात घालायचा कंटाळा केला, आणि काठावर एकापाठोपाठ तीन स्पोक मोडले. मोडलेला स्पोक म्हणजे बाहेरच्या भिंतीला आधारच नाही, अख्खी टोपली उसवावी लागली. तेव्हा टोपली उलटी करून सगळे स्पोक अर्धा तास पूर्ण बुडवा, मग चिमटून बघा.

आता कुठलाही एक स्पोक घ्या, त्याला पहिला म्हणू. तो उजवीकडे वाकवा, दुसऱ्याच्या मागून, म्हणजे टोपलीच्या आतल्या अंगाने न्या आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधून बाहेर काढून खाली सोडा. मग दुसरा स्पोक तिसऱ्याच्या मागून, तिसऱ्या-चौथ्यामधून बाहेर. जाताना तो पहिल्याला वरून दाबून धरतो. असं फिरत जा. पहिले एक-दोन वळसे मुद्दाम सैल ठेवा, कारण सतरावा स्पोक शेवटी पहिल्याच्या वळशाखालून ओवायचाय. ओवून झाला की एकेक करून सगळे ओढून सारखे करा. काठावर वेणीसारखी सुरेख नक्षी दिसेल आणि सतराही स्पोक बाहेरून खाली लोंबतील, टोपलीला झालर लावल्यासारखे.

बाहेरची भिंत

टोपली उपडी करून बरणीवर घाला. काठाच्या लगत दोन फेरे पिळाच्या विणीचे, हे बऱ्यापैकी घट्ट, म्हणजे काठ हलणार नाही. त्यानंतर मात्र हात सैल सोडा. बाहेरची भिंत आतल्या भिंतीला चिकटली तर टोपली पोत्यासारखी दिसते. मधे अर्धा ते एक सेंटिमीटर पोकळी हवी, म्हणून स्पोक बोटांनी बाहेर ओढत, पोट सुटल्यासारखा आकार देत विणायचं, निम्म्यापर्यंत फुगवायचं आणि मग हळूहळू आत घ्यायचं. आकार नजरेनेच करायचा, माप असं काही नाही. इकडच्या जुन्या टोपल्यांचं हे गोल पोट मला फार आवडतं, हातात घेतल्यावर एखादं पिकलेलं फळ धरल्यासारखं वाटतं.

रंगाचा पट्टा पोटाच्या सगळ्यात रुंद भागात घाला, सहा ते दहा फेरे. रंगीत वेत जिथे सुरू केला त्याच स्पोकपाशी संपवा नाहीतर पट्टा एका बाजूला जाड दिसतो.

भिंत १० सेंटिमीटर होऊ द्या, म्हणजे आतल्या तळापेक्षा जराशी खाली. त्यामुळे टोपली बाहेरच्या कडेवर बसते आणि आतला तळ अधांतरी राहतो. शेवटचे दोन फेरे पिळाचे, आणि मग परत अर्धा तास पाण्यात.

शेवटची कड काठासारखीच, प्रत्येक स्पोक शेजारच्याच्या मागून बाहेर. सगळ्यांचा एक फेरा झाला की दुसऱ्या फेऱ्यात प्रत्येक टोक पुढच्या स्पोकच्या पुढून नेऊन आत तळाकडे खुपसा. खुपसताना अडतं, तिथे जाड दाभण किंवा विणकामाची सुई घालून वाट मोकळी करा. ताणून घट्ट करा, टोकं तिरकी कापा, पण फार जवळ कापू नका, सुकल्यावर वेत आक्रसतो आणि टोक निसटतं.

टोपली ओलसर असतानाच बाहेर आलेले बारीक तंतू गॅसच्या ज्योतीवरून भर्रकन फिरवून जाळून टाकायचे, रंगीत भागाला आच लागू न देता. बूड टेबलावर हलतं का बघा, हलत असेल तर ओलं असतानाच दाबून बसवता येतं.

मग सावलीत ठेवा. साधी टोपली एका दिवसात वाळते, हिला तीन दिवस द्या आणि दिवसातून एकदा उलटीसुलटी करा, कारण दोन भिंतींच्या मधे ओल अडकून राहते आणि बाहेरून हाताला कोरडी लागली तरी आत बुरशी धरू शकते. तिसऱ्या दिवशी काठाशी नाक नेऊन वास घ्या, ओल्या गवताचा वास येत असेल तर अजून एक दिवस.